जाणकारांच्या 'प्रामाणिक' प्रतिक्रिया: शिकवणी की साचा?

तिरकी मान

परवा या फोटोग्राफीच्या मंचावर एका ज्येष्ठांनी लिहिलं: "धुवून घ्यायची, म्हणजे कठोर टीका ऐकायची, तयारी नसेल तर फोटो टाकूच नका. 'मस्त क्लिक' म्हणणाऱ्या मित्रांनी अख्खी पिढी वाया घालवली." खाली अंगठ्यांचा पाऊस. तिथेच उत्तर लिहायला बसले, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

'मस्त क्लिक'ने कोणी शिकत नाही, हे मान्यच. पण धुणाऱ्यांकडून तरी काय मिळतं? माझ्या बगळ्याच्या फोटोवर आलेला सल्ला: "पांढरा पक्षी म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन प्लस एक (फोटो एक पायरी उजळ), एवढंही माहीत नाही?" आता हा बगळा फ्रेमच्या एका कोपऱ्यात लहानसा, बाकी सगळं सावलीतलं काळं पाणी. कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर त्या काळ्याला राखाडी करायला जातो आणि तेवढ्यात बगळ्याची पिसं जळून जातात. तिथे प्लस टाकलं असतं तर पक्ष्याच्या जागी चुन्याचा डाग आला असता. म्हणून मी मायनसमध्ये काढला. एक्झिफ (फोटोतली कॅमेऱ्याच्या सेटिंगची नोंद) खालीच दिलं होतं, कोणी बघितलं? सल्ला देणाऱ्याने 'पांढरा' आणि 'पक्षी' एवढंच बघितलं आणि पाठ केलेला नियम फेकला.

दुसरा फोटो मुठेच्या पात्रातला. प्लॅस्टिकच्या पिशव्यांच्या ढिगावर उभी असलेली ढोकरी, बगळ्याच्याच जातीतली. त्यावर तीन जाणकारांचं एकमत: "पिशव्या क्लोन करून (आजूबाजूचा भाग वर चिकटवून) काढ, लक्ष विचलित होतं." अहो, पिशव्यांसाठीच तर काढला तो फोटो!

सगळ्या सल्ल्यांचा रस्ता शेवटी एकाच फोटोकडे जातो. मागचं सगळं लोण्यासारखं पुसट, पक्षी डोळ्याच्या पातळीवर, डोळ्यात चमक, चोचीत काहीतरी वळवळणारं. याला शिकणं म्हणायचं?

ट्रायपॉडवाले काका

तो 'एक ज्येष्ठ' मीच. नाव घ्यायला एवढा संकोच कशाला, ताई?

आमच्या वेळी रोलमध्ये छत्तीस फ्रेम. स्लाइड फिल्म असली की प्रकाशाच्या अर्ध्या पायरीची (स्टॉपची) चूकसुद्धा माफ नाही. अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) आणि शटर वहीत लिहून ठेवायचो. क्लबात प्रोजेक्टरवर स्लाइड लागायची आणि अंधारातून कोणीतरी म्हणायचं, "पुढची." कारण नाही, समजूत नाही. घरी येऊन रात्रभर विचार करायचो की त्या स्लाइडमध्ये काय चुकलं. त्या "पुढची"वर आम्ही शिकलो. आता 'कठोर' शब्द वापरला की लोक दुखावतात.

आणि ही रीत आजची नाही. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ची. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकल्या, पण फोटोग्राफी शिकल्या त्या माणेकशांकडून, पुढे त्यांचे पती झाले त्यांच्याकडून. नुसतं स्वतःचं स्वतः बघून कोणी होमाई होत नाही.

नाचण

काका, होमाईंचं उदाहरण देताय तर पूर्ण द्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते माणेकशांच्या नावाने. जाणकाराच्या सावलीत शिकण्याची हीसुद्धा एक बाजू.

आणि "पुढची"ने तुम्ही शिकलात हे ठीक. त्या अंधारात बसून जे परत कधी आलेच नाहीत, ते इथे लिहायला येणार नाहीत. म्हणून तुमची पद्धत कायम यशस्वीच दिसणार.

ट्रायपॉडवाले काका

बाईचं नाव तेव्हा कोणी छापलं नसतं. त्यात माणेकशांचा काय दोष? कैच्या काय.

कर्जतचा पाऊस

अवांतर होईल, पण "चोचीत काहीतरी वळवळणारं" वाचून राहवलं नाही.

तिबोटी खंड्या. रायगडने ज्याला जिल्हा पक्षी केलं, तोच. पावसाळ्यात ओढ्याच्या मातीच्या दरडीत बीळ करतो, पिल्लं तिथेच वाढवतो. आणि तिथेच बाहेर लेन्सांची रांग. हे नवशिके तिथे का जातात? पहिल्या फोटोवर जाणकार लिहितात, "पर्च (बसायची फांदी) घाणेरडा आहे." दुसऱ्यावर, "पक्षी नुसता बसलाय, अॅक्शन नाही." मग गडी पैसे भरून लपणात, म्हणजे फोटोसाठी बांधलेल्या आडोशात, जाऊन बसतो. बिळासमोर शेवाळ लावलेली काटकी आधीच खोचून ठेवलेली असते.

मी स्वतः बघितलंय. पक्षी चोचीत सापसुरळी धरून काटकीवर बसला. बसला तो बसलाच. शटरांचा कडकडाट, आणि एक जण म्हणतो, "काय पोज देतोय!" अरे पोज कसली? तुम्ही समोर आहात म्हणून त्याला बिळात शिरता येत नाही. आत पिल्लं उपाशी. आणि त्या फोटोवर त्याच जाणकारांची प्रतिक्रिया: "आता जमलं!"

लेन्सवाला

आला पर्यावरणवाद्यांचा मोर्चा. लपण योग्य अंतरावर असेल तर पक्षी पाच मिनिटांत सरावतो. विदा (आकडेवारी) असेल तर द्या, कथा नकोत. आणि ज्या पोरांच्या हातात काल गलोल होती, ती आज गाइड म्हणून पक्ष्याची राखण करतात. शहरात बसून त्यांच्या पोटावर पाय द्यायला तुमचं काय जातं?

कर्जतचा पाऊस

शहरात? माझा आयडी परत वाचा.

गाइडला पैसे द्या की. त्याला म्हणा, ओढा दाखव, बेडूक दाखव, उडणारा खंड्या दाखव. बीळच कशाला हवं? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ उघडा. अंड्यांना-घरट्यांना त्रास देणं शिकारीच्या व्याख्येतच बसवलंय.

लेन्सवाला

त्रास कशाला म्हणायचं ते कोर्ट ठरवेल, तुम्ही नाही.

नाचण

घरट्यावरचे फोटो कित्येक निसर्ग-छायाचित्र स्पर्धा घेतच नाहीत. मग हेच लोक माहितीत 'घरटं' हा शब्द गाळून पाठवतात. लपवण्यासारखं काही नसेल तर लिहा की सरळ.

लेन्सवाला

माझं नाव घेऊन बोला. मोघम टोमणे नकोत.

नाचण

तुम्हाला कोण म्हणालं? टोपी तुम्हीच घातलीत.

किटलेन्स

खंड्याची लढाई जरा थांबवाल का? मी धाग्याच्या विषयावर लिहितेय, नवखी आहे.

आईचा भाकरी थापतानाचा फोटो एका वयस्कर छंदिष्ट काकांना दाखवला होता. मी चेहऱ्यावर फोकस केला होता आणि हात पुसट आला म्हणून खंतावले होते. त्यांनी विचारलं, "तुला काय दाखवायचं होतं?" म्हटलं, आई दमलेली. म्हणाले, "मग चेहरा कशाला? परातीकडे बघ. १/३० सेकंदाच्या शटरला हात हललाय, तोच फोटोचा जीव आहे. वरून काप." कापला. चेहऱ्याची फक्त हनुवटी राहिली आणि फोटो एकदम उभा राहिला. मला एकटीला ते दिसलं नसतं. त्यामुळे जाणकार नकोत हे पटत नाही. फक्त आधी विचारणारे हवेत.

तिरकी मान

जाणकार नकोत असं मी कुठे म्हटलंय? माझं म्हणणंच तू लिहिलंस, किटलेन्स. आधी प्रश्न. इथे आधी निकाल लागतो.

ट्रायपॉडवाले काका

रोज शंभर फोटो येतात. प्रत्येकाला "बाळ, तुला काय म्हणायचं होतं" विचारत बसायला आम्ही पगारी नाही.

असो. बगळ्याचं एक्झिफ आत्ता उघडून बघितलं. मायनस ०.७. पिसांचा तपशील शाबूत आहे. प्लसचा सल्ला माझा नव्हता, पण ज्याचा होता त्याचा चुकला. झालं समाधान? मात्र वरच्या कडेचं क्षितिज वाकडं आहे. तेही काळ्या पाण्यामुळे का?

आणि ढोकरी. तुम्ही म्हणता पिशव्यांसाठी काढला. मग एफ ५.६ वर पिशव्या धूसर का? ढोकरी लख्ख आणि कचरा पुसट, म्हटल्यावर बघणारा समजणारच की कचरा चुकून आत आलाय. लोकांनी क्लोन करायला सांगितलं ते तुमच्याच फोटोने त्यांना सांगितलं. एफ ११ लावा (छिद्र लहान, म्हणजे पुढचं-मागचं दोन्ही लख्ख), मागे सरका, आणि ढोकरीला फ्रेमच्या मधोमध बसवू नका. ढीग मोठा दिसू दे, ती त्यात सापडली पाहिजे.

नाचण

काका, हे "पुढची" म्हणण्यापेक्षा किती लांब झालं बघा. आणि किती उपयोगी.

ट्रायपॉडवाले काका

तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं.

लेन्सवाला

एफ ११ वर सकाळी सातला आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) कुठे जाईल माहितीये का? दाणे दाणे होतील. म्हणून चांगली लेन्स घ्या, नुसत्या गप्पा नकोत.

कर्जतचा पाऊस

ढोकरी जागची हलत नाही, ट्रायपॉड लावून शटरचा वेग उतरवता येतो. पण तुम्हाला सगळ्यावर उपाय म्हणजे दुकानच. बाय द वे, तुम्ही 'योग्य अंतर' म्हणालात, ते किती हे अजून सांगितलं नाहीत. लपण बिळापासून किती लांब होतं तुमचं?

लेन्सवाला

वेगळा धागा काढा, तिथे देतो.

तिरकी मान

काका, एफ ११चं आणि मधोमधचं दात-ओठ खात मान्य. पहिल्याच दिवशी हे लिहिलं असतंत तर माझं एवढं टंकन वाचलं असतं.

क्षितिजाचं मात्र अजिबात मान्य नाही. ते क्षितिज नाहीच, बंधाऱ्याची भिंत आहे, आणि ती बांधलीच तिरकी आहे.

ट्रायपॉडवाले काका

कुठला बंधारा? पत्ता टाका. रविवारी स्पिरिट लेव्हल घेऊन येतो.