ज्वारीत सायनाइड ‘भरलेलं’ नसतं, भाऊ

धुऱ्यावरून: कालपासून एक फॉरवर्ड फिरून राहिलंय. “देशी ज्वारीच्या पानापानात सायनाइड असतं, रसासोबत अंगभर फिरतं, म्हणून कीड लागत नाही, फवारणी म्हणजे कंपन्यांची लूट.” लूट असेल, ते भांडण वेगळं. पण विज्ञानाच्या नावावर काहीही? पानात असतं ते धुरिन, म्हणजे फुटल्यावरच सायनाइड सोडणारा रेणू. टायरोसिन या अमिनो आम्लापासून बनतं, शेवटी साखर जोडली जाते. पेशी तेही मोकळं ठेवत नाही, रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत, कोंडते. साखर जोडलेला रेणू चरबीच्या पटलातून आपोआप झिरपत नाही, म्हणून पटलात वाहक प्रथिन बसलेलं असतं. २०१६ मध्ये ज्वारीतलं असं एक ओळखलं, एसबीमेट-२. पंपांनी रिक्तिकेत आधीच प्रोटॉन दाबून भरलेले असतात. ते बाहेर सुटतात त्या जोरावर धुरिन आत जातं. धुरिन तोडणारं विकर (एन्झाइम) दुसऱ्याच पेशींत, हरितलवकात. जनावरानं चावलं, पेशी फुटल्या, दोन्ही एकत्र आले की मगच हायड्रोजन सायनाइड.

पराटीवाला: एवढं लिवून सांगितलं काय? इख हाये म्हनता ना, मंग फॉरवर्ड खोटं कसं? पटल-बिटल नागपूरच्या साहेबाइले सांगा.

धुऱ्यावरून: “कीड लागत नाही” हे खोटं. पीक कोवळं असताना सुकलेला पोंगा ओढून पाहा. अलगद हातात येतो, बुडाला कुजका वास. खोडमाशी. आणि धुरिन भरपूर असतं ते नेमकं त्याच वयात.

खर्रा बंद: तंबाखूत निकोटीन मुळात बनते आणि पाण्यासोबत पानात चढते, हे शाळेतल्या मास्तरनंच सांगितलं होतं.

पराटीवाला: घ्या! म्हंजे रसातून फिरते.

धुऱ्यावरून: तंबाखूत फिरतं, हो. जिंकलात, हार घालू का? पानात पोचल्यावर तिथंही रिक्तिकेत ढकलायला वाहक लागतोच. आणि फॉरवर्ड ज्वारीचं होतं.

गुरांची डॉक्टरीण: तुमच्या रिक्तिकेपेक्षा मला फुटव्यांची काळजी. कापणी झालेल्या वावरात पाऊस पडून हिरवे फुटवे आले की लोक खुशाल गुरं सोडतात. पाण्याचा ताण, वरून युरिया जास्त, की धोका आणखी वाढतो. एक कालवड पाहिली, धापा टाकत आडवी, हिरड्या लालभडक. शिरेतून सोडियम नायट्राइट आणि थायोसल्फेट देईपर्यंत गेली. नीट वाळलेल्या कडब्यात तो धोका बराच उतरतो.

पराटीवाला: म्या गुळाचं पानी पाजून बैल वाचवला, मॅडम. तुमची सुई यायच्या आत.

गुरांची डॉक्टरीण: वाचला असेल, कमी खाल्लं असेल. आडव्या जनावराला पाजाल तर पाणी फुफ्फुसात जाईल. मग गूळ तेराव्याला वापरा.

वणीकडचा: ते जाऊ द्या, ज्वारी पेरते कोण आता? आमच्या शिवारात रोही (नीलगाय) अन् डुकरांपायी सोडून दिली सगळ्यांनी. त्याइले का नाई बाधत तुमचं धुरिन?

गुरांची डॉक्टरीण: डुकराच्या जठरातल्या आम्लात ते विकर निकामी होतं. रवंथ करणाऱ्यांना जास्त बाधतं, पोटातले जंतूही धुरिन फोडतात.

वणीकडचा: रोही रवंथ करत नाई का मग?

गुरांची डॉक्टरीण: करते. पण कणसं भरेपर्यंत धुरिन बरंच उतरलेलं असतं.

वणीकडचा: कोवळीही खाते! मचाणावर बसून पाहिलं म्या. तुमी पाहिलं का?

धुऱ्यावरून: चार घास इथं, चार पुढच्या वावरात. किती खाल्लं, किती वेळात, यावरच सगळं असतं. विषय पटलाचा चालू होता, बरं का.

वणीकडचा: पटल घाला चुलीत. नुकसानीचा अर्ज घेऊन गेलो त म्हणतात, रोहीच होती की गावची गुरं, फोटो आणा. रात्री दोन वाजता तिले म्हणू, थांब माय, जरा इकडं पाय?

खर्रा बंद: कुंपणाला करंटवाली झटका मशीन लावा भाऊ.

वणीकडचा: लावली होती. बॅटरी चोरीले गेली.