एका थरात सम हार्मोनिक मिळतात, दोन थरांत का मिळत नाहीत?

प्रश्न – प्रकल्प_विद्यार्थिनी
नमस्कार. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी घन पदार्थांतील उच्च हार्मोनिक प्रकाशनिर्मितीचा, म्हणजे लेसरच्या वारंवारतेच्या पूर्णांक पटीतल्या वारंवारतेच्या प्रकाशाचा (सम पटीचे ते सम हार्मोनिक, विषम पटीचे ते विषम), अभ्यास करीत आहे. मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या जेमतेम ०.६५ नॅनोमीटर जाडीच्या एकाच थरातून सम आणि विषम असे दोन्ही हार्मोनिक मिळाल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. मात्र नैसर्गिक रचनेतले दोन थर घेतले की सम हार्मोनिक नाहीसे होतात. प्रकाश देणारे द्रव्य दुप्पट झाले असताना असे का व्हावे?

उत्तर – स्फटिकवेध
येथे द्रव्य किती आहे यापेक्षा त्याची मांडणी निर्णायक ठरते. लेसरचे विद्युत क्षेत्र दर अर्ध्या आवर्तनाला दिशा बदलते. स्फटिकाला सममितीचे केंद्र (ज्यातून रचना उलटवली तरी ती तशीच राहते असा बिंदू) असेल, तर दोन्ही अर्धआवर्तनांत इलेक्ट्रॉनांचा प्रवाह तंतोतंत सारखा, पण उलट दिशेने वाहतो, आणि अशा प्रवाहात विषम हार्मोनिकच असू शकतात. एका थराला असे केंद्र नसते. नैसर्गिक रचनेत दुसरा थर पहिल्याच्या तुलनेत १८० अंशांनी फिरलेला असतो, त्यामुळे दोन थरांचे सम हार्मोनिक विरुद्ध कलेत (एका लहरीचा उंचवटा तेथे दुसरीचा खोलगा) येऊन एकमेकांना खोडून काढतात. तिसरा थर चढला की ते पुन्हा दिसतात.

४ मायक्रोमीटर तरंगलांबीचा लेसर घ्या. सहावा हार्मोनिक ६६७ नॅनोमीटरचा तांबडा, सातवा ५७१चा पिवळसर हिरवा, आठवा ५००चा हिरवा आणि नववा ४४४चा निळा येतो. दोन थरांवर लेसर पडताच वर्णपटातून सहावा आणि आठवा गळतो, हे मला फार विलक्षण वाटते.

प्रकल्प_विद्यार्थिनी
मनःपूर्वक आभार. मग सम हार्मोनिक दिसले नाहीत, तर नमुना दोन थरांचाच आहे असे समजावे का?

उत्तर – लेसर_टेबल
तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. आधी पोलरायझर (ठरावीक दिशेने कंपन पावणारा प्रकाशच पुढे सोडणारी गाळणी) तपासा. क्षेत्र स्फटिकाच्या झिगझॅग दिशेला (अणूंच्या नागमोडी ओळीच्या दिशेला) असेल, तर एका थराचे सम हार्मोनिक त्या क्षेत्राला काटकोनात ध्रुवण झालेले असतात, कारण बेरी वक्रतेमुळे (स्फटिकातील इलेक्ट्रॉन-लहरींच्या एका भूमितीय गुणधर्मामुळे) इलेक्ट्रॉनांना आडवा वेग मिळतो. पोलरायझर समांतर ठेवून मी एक संपूर्ण दुपार रिकामा वर्णपट पाहत बसलो होतो. तो ९० अंशांनी फिरवताच आठवा हार्मोनिक समोर आला.

उत्तर – स्फटिकवेध
उलट बाजूही ध्यानात असू द्या. सर्व थर एकाच दिशेने रचलेल्या ३आर प्रकारात दोन थरही सम हार्मोनिक देतात, म्हणून थरांची संख्या रामन वर्णपटावरून (विखुरलेल्या प्रकाशातून स्फटिकाची कंपने दाखवणाऱ्या वर्णपटावरून) स्वतंत्रपणे निश्चित करावी.