मदत हवी आहे: मधुमेह असलेल्या बाबांच्या जेवणातलं तेल कमी कसं करू?

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरचे. बाबा ६६ वर्षांचे, टाईप २ मधुमेह जुना आहे. यावेळी एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.१ आलं. डॉक्टरांनी गोळ्या तशाच ठेवल्या आणि वजन चार-पाच किलोंनी उतरवा म्हणाले. गोडधोड घरात केव्हाच बंद झालंय, चहाही बिनसाखरेचा. तेव्हा आता काय कमी करायचं ते रोजच्या स्वयंपाकातूनच.

आमच्याकडे सकाळी तर्री पोहे, दुपारी पोळ्या, वरण-भात आणि रस्सा भाजी, अधूनमधून पाटोडी रस्सा, रविवारी गोळाभात (बेसनाच्या गोळ्यांचा भात). मी हिशेब करून पाहिला, तर सगळा भार तेलाचा निघाला. पीठ असो की डाळ, त्यातल्या पिष्टाच्या किंवा प्रथिनाच्या एका ग्रॅममागे ४ कॅलरी. तेलाच्या एका ग्रॅममागे ९. तेलाचा एक मोठा चमचा म्हणजे जवळपास १२० कॅलरी. गोळाभातावर मोहरी-हिंगाचं कडकडीत तेल बाबा दोन चमचे तरी घेतात. म्हणजे भात-गोळे मोजायच्या आधीच अडीचशे झाल्या.

पोळी सोडून ज्वारीची भाकर द्या असं खूप जण सांगतात. पण सारख्या वजनाच्या पिठात कॅलरीचा फारसा फरक नाही, आणि आईच्या एका भाकरीला दोन फुलक्यांचं पीठ सहज लागतं. म्हणून आम्ही घडीच्या पोळीऐवजी बिनतेलाचे फुलके सुरू केलेत. भात वाटीने मोजून, आणि जेवणाआधी काकडी-मुळ्याची कोशिंबीर. संध्याकाळच्या मूठभर शेंगदाण्यांच्या जागी फुटाणे. ३० ग्रॅम दाण्यांत १७० कॅलरी, तेवढ्याच फुटाण्यांत साधारण ११०. हे सगळं बाबांनी कुरकुर न करता मान्य केलं.

अडलंय ते तर्रीपाशी. तिखटाचा रंग तेलातच उतरतो, त्यामुळे तेल कमी केलं की रस्सा फिका दिसतो आणि बाबा दोन घास खाऊन "झालं माझं" म्हणतात. आयुष्यभर चवीने जेवलेला माणूस असा अर्ध्या ताटावरून उठतो, ते बघवत नाही. आणि नुसतं वाईट वाटण्याचीही ही गोष्ट नाही. ते ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेतात. गोळी घेऊन जेवण अर्धवट राहिलं तर साखर ७० च्या खाली जायची भीती असते. त्यामुळे रात्रीचं जेवण बंद करा, उपास करा, हे सल्ले कृपया देऊ नका. गोळीच्या मात्रेचं आम्ही डॉक्टरांशीच बोलतोय.

मला विचारायचंय ते असं. कांदा-खोबरं कोरडं भाजून, एकाच चमचा तेलात तिखट मंद आचेवर खुलवून कोणी रस्सा केलाय का? दाटपणा कशाने आणला? खोबरं कमी करून भाजलेल्या डाळ्याचं पीठ लावलं तर चव बिघडते का? गोळाभातावर तेलाऐवजी पातळ ताकाची कढी घेऊन कोणाच्या घरी निभावलंय का? गोळ्यांत मेथी किंवा पालक जास्त घातला तर ते फुटतात का, की बेसन थोडं जाडसर घ्यावं लागतं?

विदर्भातल्या घरांत ज्यांनी हे केलंय त्यांनी प्रमाणासकट लिहा. आई वाचून करून बघणार आहे, रविवारच्या आत मिळालं तर फार बरं होईल.