मदत हवी आहे: हातात ताकद यायला फिटची गोळी? सही करू काय नको?

खानापूर_नाका
नमस्कार मंडळी, अर्जंट आहे. अप्पांच्या उजव्या हातात ताकद नाही तर डॉक्टर म्हणायलेत एक स्टडी चालू आहे, लेव्हेटिरासेटाम द्यायची, त्यात नाव घालूया. नेटवर बघितलं तर ही फिटची गोळी! अप्पांना जन्मात कधी फिट आलेली नाही. सोमवारी सही करून आणा म्हणून कागद दिलेत, सगळं इंग्लिश नाहीतर कन्नड. भाऊ नको म्हणतोय, आई म्हणते फुकट औषध मिळतंय तर घ्या की. कुणाला अनुभव हाय काय?

शहापूरचा_बाळू
हात कशानं गेला ते तर सांग की रे! लकवा, मानेची शीर, का पडले? अर्धवट लिहून आम्ही काय कुडमुडे जोशी हाय?

निपाणी_ताई
माझ्या सासऱ्यांची मानेत शीर दाबलेली, त्यांना गॅबापेंटिन दिलेली, ती पण मूळ फिटचीच. दुखणं कमी आलं, ताकद नाही आली. घाबरू नका.

खानापूर_नाका
ताई, मान नाही ओ, लकवाच, गेल्या दिवाळीच्या आधी. पाय सुधारला, काठी घेऊन चौकापर्यंत जाऊन येतात. हाताचं म्हणजे तांब्या धरतात, पण सोडायचं म्हटलं की मूठ उघडत नाही, डाव्या हातानं एकेक बोट सोडवतात.

फिजिओ_चिकोडी
मग मुद्दा समजून घ्या. ही ट्रीटमेंट नव्हे, रिसर्च आहे. फेनिटॉइन, फेनोबार्बिटोनसारख्या फिटच्या जुन्या गोळ्यांनी लकव्यानंतरची सुधारणा मंदावते असा संशय बराच जुना आहे, म्हणून लेव्हेटिरासेटामसारखी नवीन गोळी व्यायामाबरोबर देऊन हात शिकतो का नाही हे बघायचा विचार पुढं आला. अप्पांना फायदा होईलच असं नाही. निम्म्या लोकांना बिनऔषधाची गोळी असू शकते, कुणाला कुठली ते डॉक्टरलाही माहीत नसतं. तसं आहे का विचारा.

लकवा_स्पेशल
गोळ्या कशाला घालता पोटात? आमच्या गावाकडं एक बाबा तेल देतात, सात दिवस पथ्य पाळा, हात वर जातो की नाही बघा.

कॅम्पातला_वाचक
तेल राहू दे बाबा. गोळीनं हात सुधारतो ही आशा आधी फ्लुऑक्सेटिनवर, म्हणजे डिप्रेशनच्या गोळीवर, पण होती. 2011 ला फ्रान्समध्ये फ्लेम ट्रायल झाली, 118 पेशंट, हातापायाची ताकद जास्त सुधारली, सगळे खूश. मग ब्रिटनच्या फोकस ट्रायलमध्ये त्याच गोळीसाठी 3127 पेशंट घेतले, 2018 ला निकाल आला, रोजच्या कामात काही फरक नाही, उलट हाडं मोडायचं प्रमाण वाढलं. त्यामुळं गोळीच्या नावानं उड्या मारू नका.

फिजिओ_चिकोडी
म्हणजे ट्रायलच करू नये म्हणता? फोकस झाली नसती तर अजून सगळ्यांना तीच गोळी देत बसलो असतो की.

कॅम्पातला_वाचक
मी कधी म्हटलं करू नये? आशा लावू नका म्हटलं.

हलगा_पाटील
मूळ प्रश्न कागद मराठीत का नाहीत हा आहे! किती वर्षं हेच चाललंय, आपण गप्प बसतो म्हणून...

शहापूरचा_बाळू
पाटील, सीमाप्रश्नाचा धागा वेगळा हाय की, तिकडं जावा.

टिळकवाडीची_वकील
पाटलांचं यातलं एवढं खरं आहे, पेशंटला कळेल त्या भाषेत सांगूनच सही घ्यायची असते. वाचता येत नसेल तर निःपक्षपाती साक्षीदार लागतो. मराठी प्रत मागा. ट्रायल सीटीआरआय वर, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, नोंदलेली आहे का, एथिक्स कमिटीचा (पेशंटच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा) फोन कागदावर आहे का बघा. ट्रायलमुळं इजा झाली तर उपचार आणि भरपाई, याचे 2019 चे नियम आहेत. आणि कधीही बाहेर पडता येतं, पण गोळी आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही, डॉक्टर उतरवत आणतात.

फिजिओ_चिकोडी
वय काय? शुगर, किडनी? ही गोळी मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडते.

खानापूर_नाका
वय 67. शुगर आहे, किडनीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन 1.9 होतं, जास्तच.

फिजिओ_चिकोडी
अहो हे आधी सांगायचं! किडनी कमी चालत असेल तर डोस कमी करावा लागतो, ट्रायलमध्ये घेतील का नाही हेच बघायला पाहिजे. झोप येते, काहींची चिडचिड वाढते. अप्पा मुळात तापट असतील तर घरच्यांनी तयार राहा.

खानापूर_नाका
तापट? शेजारी विचारा.

निपाणी_ताई
आणि ट्रायल मिळो न मिळो, चांगल्या हाताला जाड मोजा घालून लकव्याचा हात वापरायला लावतात ते विचारा. सासऱ्यांच्या फिजिओनं शेजारच्या बेडवाल्याला करायला लावलेलं.

फिजिओ_चिकोडी
त्याला आधार आहे. एक्साइट ट्रायल, 2006, 222 पेशंट, लकव्याला तीन ते नऊ महिने झालेले, हात सुधारला. पण मनगट आणि बोटं थोडी तरी स्वतःहून उघडायला पाहिजेत, अप्पांची उघडत नाहीत. आधी तपासून घ्या.

सायकल_बेळगावी
सोमवारी तिकडं पार्किंग मिळत नाही, बसनं जावा.

खानापूर_नाका
कागदावर एथिक्सचा नंबर हाय. सकाळी लावतो, मराठी प्रत आणि क्रिएटिनिनचं दोन्ही विचारतो, तोपर्यंत सही नाही. भावाला धागा दाखवला, तो तेलाचा पत्ता मागतोय.

लकवा_स्पेशल
मेसेज करा.