मदत हवी आहे: १० अँपिअरचा रिले साडेसहा अँपिअरच्या मोटरवर चिकटला, आता काय बसवू?

नमस्कार मंडळी,

हिंगण्याला आमचं तिखट-हळद दळायचं छोटं युनिट आहे. आतापर्यंत बाबाच बघायचे. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ऐन सीझनमध्ये सगळं माझ्याकडे आलं. मी कॉमर्सची. हिशेब येतो, वायरिंग आता कुठे कळायला लागलंय. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पल्व्हरायझर १० एचपी, थ्री फेज. त्याच्या तोंडाशी माल आत ढकलणारा स्क्रू फीडर, त्याला १ एचपीची सिंगल फेज गिअर मोटर. पल्व्हरायझरवर लोड वाढला की फीडर थांबतो, उतरला की परत सुरू होतो. त्यासाठी पॅनेलमध्ये पल्व्हरायझरचा करंट बघणारा रिले (विजेच्या सिग्नलवर चालणारा स्विच) आहे: १४ अँपिअरला बंद, १३ ला चालू. तो एका छोट्या, पारदर्शक, बेसवर बसणाऱ्या रिलेला सिग्नल देतो आणि फीडरची मोटर थेट त्याच छोट्या रिलेच्या कॉन्टॅक्टवरून चालते.

मंगळवारी दुपारी तो कॉन्टॅक्ट चिकटला. फीडर थांबेचना. भिवापुरी मिरची आत कोंबली गेली, पल्व्हरायझर अडला, बेल्टमधून धूर निघायला लागला. काय अडकलं ते बघायला आमच्या मावशींनी हॉपरचं झाकण उघडलं. झाकणाला लिमिट स्विच आहे, उघडलं की सगळं बंद व्हायला पाहिजे. काहीच बंद झालं नाही. मी धावत जाऊन मेन पाडली. मावशींचा हात आत गेला नव्हता, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. मावशी मी शाळेत होते तेव्हापासून आमच्याकडे आहेत.

नंतर स्विच उघडून बघितला. आत तिखटाचा थर जमून दांडी दाबलेल्या जागीच बसली होती.

रिलेवर स्पष्ट १० ए, २५० व्ही लिहिलंय. मोटरच्या प्लेटवर ६.५ ए. मग चिकटला कसा? हा रिले नवीन होता, तीन आठवडेही झाले नव्हते. दुकानात सांगतात की १६ चा लावा, नाहीतर एसएसआर (सॉलिड स्टेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक रिले) घ्या, त्यात कॉन्टॅक्टच नसतो तर चिकटेल काय. खरं आहे का? आणि झाकणाला कोणता स्विच लावू?

आणखी एक, संबंध आहे की नाही माहीत नाही: फीडर मोटरचा कपॅसिटर या सीझनला दोनदा बदलला.

बुटीबोरी_पॅनेल

ताई, मावशी सुखरूप आहेत हे पहिलं. झाकणाचं काम होईपर्यंत कृपा करून मशीन चालवू नका.

आता रिले. त्यावरचे १० अँपिअर हीटरसारख्या सरळ लोडचे असतात. मोटर सुरू होताना पाच-सात पट करंट ओढते, म्हणजे तुमची साडेसहाची मोटर क्षणभर ३५-४० मागते. नेमक्या त्याच क्षणी रिलेची पट्टी आपटून किंचित उसळत असते. ठिणगी पडते, कॉन्टॅक्टवरची चांदी वितळते आणि दोन्ही ठिपके एकमेकांना वेल्ड होतात. रिलेत खोट नव्हती, काम त्याचं नव्हतं. १६ चा लावला तर थोडे दिवस जास्त जातील, एवढंच.

मोटरला कॉन्टॅक्टर (मोटरचा भार पेलणारा मोठा रिले) लागतो आणि तो घेताना एसी-३ चा आकडा बघायचा. एकाच कॉन्टॅक्टरवर दोन आकडे असतात: एसी-१ हीटरसारख्या लोडचा, एसी-३ मोटरचा. एसी-१ ला २५ अँपिअर लिहिलेला पीस एसी-३ ला ९ चाच असू शकतो. दुकानात '२५ चा द्या' म्हणालात तर हाच हातात येईल. तुम्हाला एसी-३ ला किमान ९ पाहिजे, मी १२ चा लावेन. छोटा रिले फेकू नका. नवीन घेऊन त्याच्याकडून फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवा, आणि कॉइलवर आरसी सप्रेसर (कॉइल बंद होतानाचा व्होल्टेजचा झटका शोषणारा) लावा, म्हणजे रिलेचं आयुष्य वाढेल.

निवृत्त_निदेशक

बेटा, कॉन्टॅक्टर घ्यायच्या आधी एक कर. घड्याळ लावून मोज, फीडर पाच मिनिटांत किती वेळा चालू होतो. कपॅसिटरचं उत्तर त्यातच असावं असं मला वाटतंय.

धागाकर्ती

सर, मशीन बंद आहे, पण मंगळवार सकाळचं सीसीटीव्ही होतं. फीडरवरचा लाल दिवा बघून मोजलं. पाच मिनिटांत १७ वेळा.

निवृत्त_निदेशक

म्हणजे तासाला २०० च्या वर. दहा तास चाललं तर दिवसाला २००० झाले. अशा छोट्या रिलेचं विजेच्या भाराखालचं आयुष्य साधारण १ लाख वेळा धरतात, तेही हीटरच्या लोडवर. ५० दिवसांत लाख संपला. तुझा मोटरवर होता, त्याने तीन आठवडे काढले ते पुष्कळच.

कॉन्टॅक्टर साधारण दहा लाख वेळा काढेल, तो टिकेल. पण मोटर टिकणार नाही. कपॅसिटर स्टार्ट मोटरला तासाला फार तर २० वेळा सुरू करावं. तू दहापट करते आहेस. कपॅसिटर दोनदा गेला तो याच मारानं, पुढचा नंबर स्टार्टिंग वाइंडिंगचा.

तुझा प्रश्न 'कोणता रिले' असा आहे. मी विचारीन, इतक्या वेळा चालू-बंद का व्हावं? १४ ला बंद आणि १३ ला चालू, यात अंतरच नाही. फीडर थांबला की दोन सेकंदांत करंट १३ च्या खाली, की परत सुरू. चालूचा आकडा १० वर आण. त्याने फेऱ्या कमी होतील, तरी २० च्या आत येतील असं वाटत नाही. म्हणून कायमचा उपाय म्हणजे १ एचपीची थ्री फेज गिअर मोटर आणि तिला छोटी व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारी ड्राइव्ह). लोड वाढला की फीडर थांबणार नाही, हळू होईल. हलक्या लोडला ४० हर्ट्झ, चढला की २०, फारच चढला तर थांब. दळणही एकसारखं येईल.

एक बारीक गोष्ट इथे सगळे चुकतात. व्हीएफडीच्या इनपुटला काही मिलिअँपिअरच करंट असतो. मोटर चालवून काळवंडलेला जुना रिले तिथे वापरलास तर सिग्नल मधूनच गायब होईल. मोठ्या करंटला ठिणगीच मळ जाळते, छोट्याला ते जमत नाही. तिथे सोन्याचा मुलामा असलेल्या कॉन्टॅक्टचा, हलक्या सिग्नलसाठीचा रिले घे.

कळमना_गिरणी

एसएसआरचं मी सांगतो. दोन वर्षांपूर्वी मीही हेच ऐकून लावला होता. एसएसआर बिघडला की बहुतेक वेळा चालू स्थितीतच बिघडतो, म्हणजे चिकटण्याचीच गत. वर बंद असतानाही थोडा करंट गळतो, टर्मिनलला हात लावायची सोय नाही. आणि एका अँपिअरमागे वॉटभर उष्णता आहेच. मे महिन्यात बाहेर ४५, टिनाच्या शेडखाली पॅनेलमध्ये किती होते विचारू नका. हीटसिंक लहान होतं, गेला. पॅनेलला पंखा लावला तर तिखट ओढून घेऊन राहिला. शेवटी पॅनेलच भिंतीपलीकडे नेलं, केबल खालून घेतल्या. ताई, तेवढं तुम्ही आधीच करा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांनाही वाचून दाखवलं. १३ चा आकडा त्यांनीच ठेवला होता, उत्पादन कमी पडू नये म्हणून. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, मोटर बदल.

झाकणाच्या स्विचचं मात्र राहिलं. आयपी ६७ चा घेतला तर पुरेल का?

बुटीबोरी_पॅनेल

धूळ आत जाणार नाही, पण तेवढ्याने भागत नाही. तुमचा स्विच झाकण बंद असताना दाबलेला होता आणि उघडल्यावर स्प्रिंगच्या भरवशावर सुटायचा होता. स्प्रिंग अडली की संपलं. उलटं लावा: झाकण उघडतानाच कॅमने स्विच दाबला गेला पाहिजे, आणि कॉन्टॅक्ट एनसी (एरवी जोडलेला, दाबल्यावर तुटणारा), सक्तीने उघडणारा. त्यावर वर्तुळात बाणाची खूण असते, ती बघून घ्या. असा कॉन्टॅक्ट चिकटला असला तरी दांडी त्याला तोडून उघडते. इमर्जन्सीचं लाल बटणही याच खुणेचं आणि एनसी. एनओ (एरवी तुटलेलं, दाबल्यावर जोडणारं) लावलं आणि वायर तुटली, तर दाबूनही काही होत नाही.

ही दोन्ही फीडरच्या कॉन्टॅक्टरवर नाही, त्याच्या आधीच्या वेगळ्या मेन कॉन्टॅक्टरवर घ्या. त्याचा एनसी मिरर कॉन्टॅक्ट (मेनचे कॉन्टॅक्ट खरंच सुटले तरच जोडला जाणारा) स्टार्टच्या वाटेत टाका, म्हणजे मेन चिकटला तर पुढच्या वेळी मशीन सुरूच होणार नाही.

आणि पल्व्हरायझर बंद केल्यावर रोटर पूर्ण थांबायला किती वेळ लागतो?

धागाकर्ती

बाबांनी बघितलंय, दीड मिनिटाच्या वर.

बुटीबोरी_पॅनेल

मग नुसता स्विच कामाचा नाही. वीज गेली तरी दीड मिनिट आत हातोडे फिरत असतात. सोलेनॉइड लॉकवाला गार्ड स्विच घ्या, विजेशिवाय लॉकच राहणारा, आणि त्याला टायमर ३ मिनिटांचा. तो येईपर्यंत झाकणाला साधं कुलूप लावा आणि त्याची किल्ली मेन स्विचच्या हँडलला साखळीने अशी बांधा, की मेन खाली पाडल्याशिवाय ती झाकणापर्यंत पोचणारच नाही. किल्ली हातात आली तरी तीन मिनिटं घड्याळ बघायचं, हे मावशींना तुम्ही स्वतः सांगा.

धागाकर्ती

कुलूप आजच लावलं. मेन कॉन्टॅक्टर आणि गार्ड स्विच मागवलाय, मोटर-व्हीएफडीचं कोटेशन उद्या येईल. तोपर्यंत मिरची दुसऱ्या गिरणीवर दळून घेतोय, किलोमागे पैसे जातात, जाऊ देत.

मावशींना टायमरचं सांगितलं. त्या म्हणाल्या, दिवा लाव, विझला की मी उघडीन. लॉकच्या टायमरवरून लाल दिवा घेता येईल ना?

बुटीबोरी_पॅनेल

घेता येतो. पण विझलेला दिवा उडालेलाही असू शकतो. लॉक सुटल्यावर लागणारा हिरवा घ्या, आणि हिरवा लागल्याशिवाय झाकणाला हात नाही असं सांगा.