नागपूरला सावजी खायचंय, सासूबाई शाकाहारी आणि लेक लहान, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

डिसेंबरमध्ये नवऱ्याच्या मावसभावाचं लग्न आहे, मुलीकडचे नागपूरचे. लग्नानंतर दोन दिवस तिथेच थांबतोय आणि ते फक्त खाण्यासाठी ठेवलेत. पुण्याहून जाणार, आम्ही दोघं, सासू-सासरे आणि आठ वर्षांची लेक. लग्नघरी विचारलं असतं पण मग ते लगेच घरीच जेवायला बोलावतील, त्यांच्यामागे आधीच एवढी गडबड, म्हणून इथे विचारतेय.

मुख्य प्रश्न सावजीचा. सासऱ्यांचा मटणावर फार जीव, आणि सासूबाई पक्क्या शाकाहारी. शेजारी कोणी खात असेल तर त्यांना चालतं, फक्त त्यांच्या ताटात काहीतरी धड हवं. दरवेळी आम्ही रस्सा ओरपतोय आणि त्या दहीभात नाहीतर पापड खाऊन उठतायत हे मला आता बघवत नाही. सावजीत पाटोडी रस्सा, डाळकांदा, शेवभाजी असते, म्हणजे मसाला तोच आणि शाकाहारी. तर अशी भोजनालयं सांगा जिथे हे रोज ताजं होतं आणि बायका-मुलं घेऊन निवांत बसता येतं. भांडी वेगळी असतात का तेही सांगा, चमचा जरी इकडचा तिकडे झाला तरी त्यांना घास उतरत नाही.

पुण्यात सावजीची पाटी बघून एका ठिकाणी गेलो होतो, तिथे नुसतं लालभडक तेल आणि मिरचीचा जाळ, बाकी चवीच्या नावाने शून्य. सावजी म्हणजे मुळात कोष्टी विणकरांच्या घरचं जेवण, जवसाचं तेल, खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, काळी मिरी, सगळं भाजून वाटलेलं. तिखट असतंच, पण तिखटाच्या मागून मसाल्याचा वास यायला हवा. तसं हवंय. जवसाच्या तेलात अजून कोणी करत असेल तर आधी तिथेच जाऊ.

बाकी, सकाळी तर्री पोहे नक्की. कस्तुरचंद पार्कजवळचे माहितीयेत, आणखी कुठे? लेकीला बिनतर्रीचे मिळतील ना? सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीचं सारण भरलेली वडी, कुठली चांगली? आणि मडक्यावरची लंबी रोटी, ती करताना लेकीला बघायचीय, व्हिडिओ बघितल्यापासून मागे लागलीये.

उतरणार धंतोलीत, गाडी नाही, मेट्रो आणि रिक्षा.

महालकर:
ताई, धंतोलीत उतरून राहिले तर चांगलंच आहे, सीताबर्डी मेट्रो जवळ पडते तुम्हाला. सावजीसाठी महाल, इतवारी, गोळीबार चौक, तिकडंच जा, विणकरांची जुनी वस्ती तिकडंच. दुपारी बारा-साडेबाराला पोचा. रात्री पिणाऱ्यांचा जमाव असते, फॅमिलीला बरं नाही वाटत. भांड्यांचं खरं सांगतो, बऱ्याच ठिकाणी रसोई एकच असते जी. आत जायच्या आधी मालकाला सरळ विचारा, पाटोडीचा रस्सा वेगळ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, होते का अन् चमचे वेगळे का. नीट सांगतात लोकं, कोणी राग नाही मानत. ऑर्डर देतानाच तर्री कमी सांगा, वरची तर्री बाजूला काढली की लेकीलाही भाकरीसोबत दोन घास जातात. जवसाचं तेल आम्ही घरी अजून वापरतो, हॉटेलात मात्र विचारूनच घ्या.

पोहे बिनतर्रीचे कुठंही देतात, चण्याची तर्री वरूनच टाकतात ना. आणखी एक, डिसेंबरात अधिवेशन चालू असलं तर विधानभवनाकडं बंदोबस्त असते, रस्ते अडवतात. कस्तुरचंद पार्कला रिक्षानं नका जाऊ, मेट्रोचं स्टेशनच आहे तिथं.

इतवारीची_मेघा:
लंबी रोटी संध्याकाळी बघायला जा. कणीक एकदम सैल असते, बाई ती दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवते आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर अलगद सोडते, फाटत नाही हे बघूनच मुलं खूश होतात. गरम असतानाच खा, गार झाली की चिवट लागते. बहुतेक बायका फक्त रोट्याच विकतात, त्यामुळे सासूबाईंनाही चालेल, सोबत डाळकांदा बांधून घ्या.

सांबारवडी थंडीतच खावी, तेव्हा कोथिंबीर कोवळी आणि भरपूर असते. आतलं सारण दाबून बघा, बेसन जास्त आणि कोथिंबीर कमी असेल तर घेऊ नका. कढीसोबत मागा. आणि तेव्हा आंबिया बहाराची संत्री बाजारात असतात, संत्रा बर्फी न्यालच पण एक पेटी संत्री पण न्या.

धागाकर्ती:
दोघांचे खूप खूप आभार! दुपारी सावजी, संध्याकाळी रोटी आणि डाळकांदा असं ठरवलं, आणि मालकाला आधी विचारायचं हे सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या लगेच म्हणाल्या, मग मी येते. आता एवढंच सांगा, घरी करायला सावजी मसाला न्यायचाय, पाकिटातला नको, घरगुती दळून देणारं कोणी इतवारीत मिळेल का? आणि पाटोडीच्या सारणात खसखस-खोबऱ्याशिवाय काय घालतात, कोणी घरी करत असेल तर प्रमाणासकट लिहा प्लीज.