मदत हवी आहे: रहस्यकथेतून समाजेतिहास कसा वाचायचा?

नमस्कार मंडळी. एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी अगाथा ख्रिस्तीची 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' (1950) घेतली आहे. घरचे म्हणतात, "हा कसला अभ्यास, हा तर टाइमपास!"

पण खून बाजूला ठेवून वाचलं तर युद्धानंतरचं इंग्लंडच समोर येतं. रेशनिंग चालू, त्यामुळे लोणी-कोळशासाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांत गुपचूप देवघेव, आणि स्वयंपाकघरात युद्धातून पळून आलेली निर्वासित बाई. गावात नवा माणूस आला की तो म्हणेल तेच त्याचं नाव, कारण ओळखपत्रावर ना फोटो, ना बोटांचे ठसे! रहस्याचा सगळा डोलारा याच अनोळखीपणावर उभा आहे. (शेवट फोडत नाही, काळजी नसावी.) तिथली ओळखपत्रं 1952मध्ये गेली, अन्नाचं रेशनिंग 1954मध्ये संपलं.

अडलंय ते इथे: त्या निर्वासित बाईला लेखिका सतत हास्यास्पद करते. हा त्या काळच्या मध्यमवर्गाचा पुरावा धरायचा, की लेखिकेचा स्वतःचा पूर्वग्रह? दोन्ही वेगळे कसे काढायचे?

आणि मराठी रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांचे नायक झुंजार, काळा पहाड कुणी या नजरेने वाचलेत का? एक प्रकरण तुलनेचं करावं म्हणते.